डेलिली लावताना: एका दिवसाच्या फुलाचा हिशेब

डेलिलीचं फूल एकच दिवस टिकतं. पहाटे उमलतं, संध्याकाळी मिटायला लागतं आणि दुसऱ्या सकाळी दांड्यावर त्याचा ओलसर बोळा लोंबत असतो. पहिल्यांदा लावणाऱ्याला इथेच धक्का बसतो. काल डोळे भरून पाहिलेलं फूल आज गेलं, म्हणजे रोपाला काहीतरी झालं असं वाटतं. रोप ठणठणीत असतं. त्याच दांड्यावर उद्याची कळी फुगलेली असते आणि परवाची तिच्यामागे उभी असते.

म्हणून या झाडाचा हिशेब फुलांत न करता कळ्यांत करायचा. झाडाला तीन दांडे आले आणि प्रत्येकावर वीस कळ्या धरल्या, तर साठ फुलं. रोज दोन-तीन उमलली तर बहर तीन-चार आठवडे चालतो. ऊन, पाणी, खत, फुटव्यांची विभागणी या सगळ्याचा परिणाम शेवटी दोनच आकड्यांत दिसतो: दांडे किती आले आणि त्यांवरच्या कळ्या किती टिकल्या.

आधी ओळख पटवा

शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. लिनियसने १७५३ मध्ये पक्कं केलेलं हे नाव ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचं आहे. मूळ जाती चीन, कोरिया, जपान या भागातल्या. नावात लिली असली तरी खऱ्या लिलीशी हिचं जवळचं नातं नाही, आणि रोप विकत घेताना हा फरक कामाला येतो. खऱ्या लिलीचा कंद खवल्याखवल्यांचा असतो आणि तिच्या उभ्या खोडावर खालपासून वरपर्यंत पानं असतात. अमरिलिसचा कंद कांद्यासारखा गोल असतो आणि दांडा पोकळ. डेलिलीला कंदच नसतो. जाड, मांसल मुळं असतात, काहींना शतावरीसारख्या लांबट गाठी येतात. पट्ट्यासारखी लांब पानं जमिनीलगत समोरासमोरच्या दोन रांगांत निघतात, हातपंखा उघडावा तशी. अशा एका पंख्याला या लेखात फुटवा म्हटलं आहे. फुलांचा दांडा या पानांमधून स्वतंत्र वर येतो.

मुळं आणि पानं जिथे जुळतात तो पांढरट, टणक भाग म्हणजे क्राउन. झाडाचा जीव तिथे आहे. पान तुटलं तर नवं येतं, मुळं छाटली तरी फुटतात, क्राउन कुजला की फुटवा गेला. रोपवाटिकेत पाटीवर नुसतं ‘लिली’ लिहिलेलं असेल तर मुळं दाखवायला सांगा आणि क्राउन बोटाने दाबून बघा. कडक लागला पाहिजे.

घरात मांजर असेल तर पुढचं वाचण्याआधी हे वाचा. डेलिली आणि खरी लिली, दोन्ही मांजरांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. पान चघळणं, अंगावर पडलेले परागकण चाटणं, फुलदाणीतलं पाणी पिणं, एवढंही पुरतं. असं काही झाल्याचा संशय आला तर उलट्या किंवा सुस्ती दिसायची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्यायचं. मांजर बागेत मोकळं फिरत असेल तर हे झाड लावूच नये. कुंपणाने मांजर अडत नाही.

वाण निवडताना

मूळ जाती बहुतेक पिवळ्या आणि नारिंगी. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो बर्डेट स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पद्धतशीर संकर केले आणि रंगांचं दार उघडलं. त्यांचा ‘थेरॉन’ हा गडद लाल वाण १९३४ चा. आज नोंदलेले वाण ८०,००० च्या वर आहेत आणि गुलाबी, जांभळा, जवळजवळ काळा, कडेला झालर असलेला, मध्ये वेगळ्या रंगाचा ‘डोळा’ असलेला असं हवं ते मिळतं. शुद्ध निळा मात्र मिळत नाही. निळ्याशार किंवा सप्तरंगी डेलिलीचं बी विकायला दिसलं की समजायचं, छायाचित्र रंगवलेलं आहे.

रंगावर भाळण्याआधी पानांचा स्वभाव विचारा. काही वाण थंडीत पानं पूर्ण वाळवून जमिनीखाली झोपतात, त्यांना सुप्त प्रकार म्हणतात. काहींची पानं वर्षभर हिरवी राहतात. काही मधले असतात. कडक थंडी आणि बर्फाच्या प्रदेशात सुप्त प्रकार भरवशाचे. जिथे थंडी नावापुरतीच असते तिथे यांतल्या अनेकांना हवी तशी झोप मिळत नाही, दरवर्षी थोडे थोडे रोडावतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी दांडाच येत नाही. उष्ण हवामानात सदाहरित किंवा मधला प्रकार घ्यावा. याला अपवाद आहेत, पण नवख्याने अपवादांवर पैसे लावू नयेत.

दुसरा प्रश्न जरा घरगुती आहे: तुम्ही बागेत कधी असता? सकाळी लवकर बाहेर पडून दिवेलागणीला परतणाऱ्याच्या वाट्याला गडद लाल आणि जांभळ्या वाणांची सुकलेली फुलंच येतात. दुपारच्या उन्हात या रंगांच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या होतात. अशांनी फिकट पिवळे, पीच किंवा मलई रंगाचे वाण निवडावेत. सोळा तासांहून जास्त उघडी राहणारी फुलं ‘एक्स्टेंडेड’ म्हणून नोंदलेली असतात, ती तर आणखी सोयीची. हेमेरोकॅलिस सिट्रिना ही सुवासिक, लिंबू रंगाची जात दिवस कलल्यावर उमलते आणि रात्रभर फुललेली राहते. तिच्या वंशातले काही वाणही असेच निशाचर आहेत.

पाटीवर आणखी तीन गोष्टी बघा. दांड्याची उंची, कारण ३० सेंमीचा वाण ९० सेंमीच्या वाणामागे लावला तर दिसणारच नाही. फुलण्याचा काळ: लवकर, मध्यम की उशिरा. आणि तो हंगामात पुन्हा फुलतो का. तीनच रोपं घ्यायची असतील तर एक लवकरचं, एक मधलं, एक उशिराचं घ्या. तिन्ही मधल्या काळातली घेतली तर महिनाभर गर्दी आणि नंतर नुसती पानं. पुन्हा फुलणाऱ्यांत १९७५ मध्ये नोंदलेला ‘स्टेला दे ओरो’ सगळ्यांना माहीत आहे: सोनेरी पिवळं, साधारण ७ सेंमीचं फूल आणि ३० सेंमीच्या आतला दांडा. याला १९८५ मध्ये डेलिलीतलं मानाचं स्टाउट पदक मिळालं. पानांचा प्रकार सुप्त आहे, तेवढं लक्षात ठेवा.

एक सावधगिरी. कुणी बागेतून उपटून फुकट दिलेली, गंजलेल्या नारिंगी रंगाची डेलिली बहुधा हेमेरोकॅलिस फुल्वा असते. ती चिवट आहे, पण जमिनीखालून आडव्या खोडांनी पसरते आणि वाफा गिळते. उत्तर अमेरिकेत ती बागांतून निसटून रस्त्यांच्या कडेला माजली आहे. घ्यायचीच तर कुंडीत ठेवा.

जागा आणि माती

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. चार तासांवर पानं छान वाढतात, दांडे कमी येतात आणि जे येतात ते उजेडाकडे वाकतात. अतिशय कडक उन्हाच्या प्रदेशात सकाळचं पूर्ण ऊन आणि दुपारी तीननंतर सावली, ही सर्वांत चांगली जागा. गडद रंगांना तर ती हवीच. एक बारीकशी गोष्ट अशी की फुलं उजेडाच्या बाजूला तोंड करतात. वाफा तुमच्या बसायच्या जागेच्या आणि सूर्याच्या मध्ये आला तर वर्षभर फुलांची पाठ बघावी लागेल.

मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ लावू नका. सावलीपेक्षा त्या झाडाची मुळं जास्त नडतात, पाणी आणि अन्न ती आधी पळवतात.

माती कुठलीही चालते असं म्हणतात ते बऱ्याच अंशी खरं आहे, एका अटीवर: पाणी साचता कामा नये. चाचणी सोपी आहे. ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं नाही तर तिथे तसंच लावू नका, वाफा १५ ते २० सेंमी उंच करा. चिकणमातीत नुसती वाळू घालण्याची चूक अनेक जण करतात. थोडी वाळू घातली की माती उलट विटेसारखी घट्ट होते. तिथे कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत घाला: ४ ते ५ सेंमी जाडीचा थर पसरून वरच्या २५ सेंमी मातीत मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. ताज्या शेणाची ऊब क्राउनला सोसत नाही. सामू (मातीचा पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असला की झालं.

कुंडीत लावायचं असेल तर तोंड आणि खोली किमान ३० सेंमी, तळाला तीन-चार भोकं. दोन भाग बागेची माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग परलाईट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिजाचे दाणे) किंवा जाड वाळू. एका कुंडीत एकच वाण. दोन लावले तर जोमदार वाण दुसऱ्याला दोन वर्षांत दाबून टाकतो.

लावणी

हवा सौम्य असताना लावा. पारा ३२ अंशांच्या वर असताना लावलेली रोपं, विशेषतः माती ओली असेल तर, क्राउनपासून कुजतात. बर्फ पडणाऱ्या भागात माती गोठण्याच्या सहा आठवडे आधी लावणी उरकावी, नाहीतर मुळं धरायला वेळ मिळत नाही आणि गोठणारी माती रोप वर उचलून टाकते. मुसळधार पावसाच्या दिवसांत फक्त उंच वाफ्यात किंवा कुंडीत लावा.

१. रोप उघड्या मुळांनी आलं असेल तर मुळं दोन-तीन तास साध्या पाण्यात ठेवा, फार वाळली असतील तर रात्रभर. त्याहून जास्त नको.

२. काळी, मऊ किंवा पोकळ झालेली मुळं कात्रीने काढा. पानं १५ सेंमीवर तिरकी छाटा. मुळं तुटल्यामुळे पाणी ओढण्याची ताकद कमी झालेली असते, तेवढ्याच मुळांवर लांब पानं पोसली जात नाहीत.

३. मुळं मोकळी पसरतील एवढा, साधारण ३० सेंमी रुंद आणि २५ सेंमी खोल खड्डा घ्या. त्याच्या मधोमध मातीची छोटी उंचवटी करा.

४. क्राउन उंचवटीवर टेकवा आणि मुळं चारी बाजूंना उतरती पसरा. जुन्या रोपाच्या पानांच्या तळाशी पांढरा-हिरवा असा रंगबदल दिसतो. आधी माती कुठवर होती त्याची ती खूण. साधारण तेवढंच खोल लावायचं.

५. माती ढकलून हाताने दाबा, मुळांखाली पोकळी राहू देऊ नका. शेवटी क्राउनवर २ ते २.५ सेंमी माती यावी. ही खोली सर्वांत जास्त चुकते. ५ सेंमीखाली गेलेला क्राउन जिवंत राहतो पण फुलायचं टाळतो, ओल्या मातीत सडतो. अगदी वर राहिला तर उन्हात करपतो.

६. आळं करून भरपूर पाणी द्या. माती बसली की खोली पुन्हा तपासा. पाण्यासोबत रोप खाली जातं, तेव्हा हळूच वर उचलून सारखं करा.

७. वाणाचं नाव लिहिलेली पाटी लगेच खोचा. पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं, बहुतेक मार्करची शाई उन्हाने वर्षभरात उडते.

दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी अंतर. आता मोकळं दिसेल, तिसऱ्या वर्षी पानांना पानं भिडतात. मधल्या जागेत पालापाचोळ्याचं किंवा लाकडी भुशाचं ५ सेंमी आच्छादन करा, पण क्राउनभोवती चार बोटं जागा उघडी ठेवा.

पहिल्या वर्षी एक दांडा आला तरी चांगलं, नाही आला तरी घाबरू नये. फूलही पाटीवरच्या मापापेक्षा लहान आणि रंगाला फिकं असू शकतं. वाण चांगला की वाईट याचा निकाल तिसऱ्या बहराआधी देऊ नका.

पाणी आणि खत

आठवड्याला २.५ सेंमी पाणी, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर, पाऊस धरून. हे एक-दोनदा भरपूर द्या. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं आणि मुळं वर येतात. दिल्यावर खुरप्याने बघा, ओल २० सेंमीपर्यंत गेली पाहिजे. पाणी मुळाशी, सकाळी. पानांवर रात्रभर राहिलेलं पाणी पुढे तांबेरा हा बुरशीचा रोग आणतं. फुलांवर पडलेल्या थेंबांचे डाग गडद रंगांवर दिवसभर राहतात, आणि दिवस तर एकच असतो.

पाण्याचा सर्वांत नाजूक काळ म्हणजे दांडा दिसल्यापासून शेवटची कळी उमलेपर्यंत. या काळात रोप कोरडं पडलं की ते आधी कळ्या सोडतं. पिवळ्या पडून गळणाऱ्या कळ्यांना बहुतेक वेळा कीड जबाबदार नसते, चुकलेली पाण्याची पाळी असते. उलटही होतं: बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की काही वाणांचे जाड दांडे मधोमध तडकतात. दांडा अर्धाच फाटला असेल तर काठीचा आधार देऊन चिकटपट्टी गुंडाळा, वरच्या कळ्या बऱ्याचदा उमलतात.

खत वर्षातून दोनदा पुरे. नवी पानं जोरात निघायला लागली की एकदा, बहर संपल्यावर एकदा. प्रत्येक झाडाला दोन-तीन ओंजळी कंपोस्ट किंवा गांडूळखत. रासायनिक संतुलित खत वापरायचं तर सावकाश विरघळणारं घ्या, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा आणि क्राउनवर दाणे पडू देऊ नका. हिरवळीला टाकायचं नत्रयुक्त खत इथे आणू नका. त्याने पानं गर्द आणि लुसलुशीत होतात, मावा खूश होतो आणि दांडे कमी येतात.

बहर बघताना

उद्या कोणती कळी उमलणार हे आदल्या संध्याकाळी कळतं. ती बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मोठी असते, हिरवेपणा जाऊन फुलाचा रंग चढलेला असतो आणि पाकळ्यांच्या जोडरेषा सैल झालेल्या असतात. संध्याकाळी अशा कळ्या मोजा, सकाळी पडताळा. आठवडाभरात नजर बसते. रात्र गार असेल तर मात्र गणित चुकतं: १३-१४ अंशांखाली गेलेल्या रात्रीनंतर काही वाणांची फुलं अर्धवट उघडतात किंवा दहा-अकरापर्यंत रेंगाळतात. दुहेरी पाकळ्यांच्या आणि जाड झालरीच्या फुलांत हे जास्त. रोपात दोष नसतो. काही वाण गार सकाळीही छान उघडतात, ते टिपून ठेवण्यासारखे.

उमलल्या फुलात बाहेर तीन अरुंद दलं आणि आत तीन रुंद पाकळ्या, सहा पुंकेसर आणि त्यांच्याही पुढे आलेला एक लांब स्त्रीकेसर. सर्वांत आतला, बहुधा पिवळा किंवा हिरवा भाग म्हणजे घसा. घसा हिरवा असेल तर फूल जास्त ताजं दिसतं आणि ते दुपारपर्यंत कळतं. घशाबाहेर गडद पट्टा असेल तो डोळा. पाकळी लांबीला रुंदीच्या चौपट किंवा जास्त असेल तर ती ‘स्पायडर’ वर्गात जाते. मोजायचं तर पाकळी हलकेच सरळ करून मोजतात.

रंग बघायची वेळ सकाळी सात ते दहा. तेच फूल दुपारी चारला पुन्हा बघा, कारण वाणाची खरी परीक्षा तेव्हा होते. गुलाबी पांढुरकं झालं का, लाल तपकिरी झालं का, कडा वळल्या का? फोटो भर उन्हात काढू नका. जांभळा रंग कॅमेऱ्यात लालसर येतो, ढगाळ उजेडात त्यातल्या त्यात खरा येतो.

एक छोटी वही ठेवा. प्रत्येक वाणाच्या नावापुढे पहिल्या आणि शेवटच्या फुलाची तारीख, दांड्यांची संख्या, एका दांड्यावरच्या कळ्या. कळ्या मोजताना गळलेल्यांचे वणही धरा. १५ ते २५ कळ्या म्हणजे ठीक, ३० च्या वर म्हणजे उत्तम. दांड्याला फांद्या किती तेही लिहा: सगळ्या कळ्या टोकाला एकाच झुपक्यात असतील तर रोज उमलणारी दोन फुलं एकमेकांत अडकून फाटतात. तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की कोणत्या झाडाला ऊन कमी पडतंय आणि कोणतं गर्दीने घुसमटतंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

सकाळच्या फेरीचं एक काम ठरलेलं: कालची फुलं खुडणं. सुकलेलं फूल चिकट होतं, शेजारच्या कळीवर लपेटून बसतं आणि ती कळी वेडीवाकडी उमलते. फुलाच्या बुडाची हिरवी गाठ धरून बाजूला मोडा, कटकन तुटते. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर गाठ राहते, तिचं बोंड होतं आणि झाडाची ताकद बियांत जाते. घाईत शेजारची बारीक कळी तुटते, म्हणून दुसऱ्या हाताने दांडा धरावा. शेवटची कळी उमलून गेली की दांडा बुडापासून कापा. वाळलेला दांडा नंतर नुसता ओढूनही निघतो, हिरवा ओढू नका.

दांड्याच्या मध्यावर कधी पानांचा छोटा तुरा फुटलेला दिसतो. ते आयतं रोप आहे, मूळ वाणासारखंच. तो तीन-चार बोटांचा झाला की दोन्ही बाजूंना २-३ सेंमी दांडा ठेवून कापा आणि ओलसर कोकोपीटमध्ये लावा.

काय बिघडतं

तांबेरा: पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी-पिवळे उंचवटे. पांढरा कागदी रुमाल पानाच्या पाठीवर ओढा, नारिंगी भुकटी लागली तर तांबेराच. नुसत्या पिवळ्या रेघा असतील आणि भुकटी येत नसेल, तर तो पानांवरच्या रेघांचा रोग, त्याने झाड क्वचितच मरतं. तांबेऱ्याच्या बुरशीला रुजायला पान पाच-सहा तास ओलं लागतं, म्हणून संध्याकाळचं शिंपण हे त्याचं निमंत्रण. रोगट पानं जमिनीपासून ८-१० सेंमीवर कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कात्री पुसा. नव्या पानांवर पुन्हा दिसला तर बुरशीनाशकाकडे वळा आणि दर वेळी तेच औषध वापरू नका. नवीन आणलेलं रोप महिनाभर वेगळं ठेवलं तर हा त्रास बराचसा दारातच थांबतो.

कूज: मधली पानं पिवळी होतात, धरून ओढली की अलगद हातात येतात आणि बुडाला घाण वास येतो. कारण जवळजवळ नेहमी उष्णता आणि साचलेलं पाणी एकत्र येणं, किंवा खोल लावणं. रोप उपटा, मऊ भाग कडक पांढरा गर लागेपर्यंत कापा, सावलीत दोन-तीन दिवस कोरडं ठेवा आणि दुसऱ्या जागी कोरडसर मातीत लावा. वाचेल याची खात्री नाही, पण बरीच वाचतात.

फुलकिडे कळीत शिरून रस शोषतात. पाकळ्यांवर फिकट ओरखडे येतात, दांड्यावर खरखरीत तपकिरी चट्टे. मावा गार दिवसांत मधल्या कोवळ्या पानांत लपतो, पाण्याची जोरदार धार दोन-तीन दिवस मारली की बराच जातो. लाल कोळी कोरड्या उष्ण दिवसांत येतो, पानं धुरकट दिसतात. पाण्याची धार याही वेळी चालते. नंतर गरज पडली तर कडुनिंबाचं तेल पाण्यात मिसळून, उन्ह उतरल्यावर, फुलं टाळून फवारा. शंख आणि गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बागांत एक छोटी माशी कळीत अंडी घालते: कळी फुगते, आखूड राहते, उमलत नाही आणि फोडली तर आत पांढुरक्या अळ्या निघतात. अशा कळ्या दिसताक्षणी तोडून पिशवीत बंद करून टाकायच्या. अळी मातीत उतरली की पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार.

फुटवे वेगळे करणं

तीन ते पाच वर्षांत गड्डा दाट होतो. वहीत दांड्यांचा आकडा घसरायला लागला, किंवा मधला भाग नुसत्या पानांचा राहिला, की वेळ झाली. बहर संपल्यावर करा, तळपत्या उन्हाळ्यात नको.

गड्ड्यापासून १५ ते २० सेंमी दूर चारी बाजूंनी फावडं किंवा काटा घालून अख्खा गड्डा उचला. मुळांवरची माती पाण्याच्या धारेने धुवा, म्हणजे कुठे जोड आहे ते दिसतं. फुटवे हाताने हलवत, पिळत वेगळे होतात. हट्टी जोड स्वच्छ सुरीने कापा, प्रत्येक तुकड्याला क्राउन आणि स्वतःची मुळं हवीत. दोन-तीन फुटव्यांचा तुकडा पुढच्या बहरालाही फुलू शकतो, एकट्या फुटव्याला एखादं वर्ष जास्त लागतं. पानं १५ सेंमीवर छाटा, कापलेल्या जागा सावलीत दिवसभर सुकू द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे लावा. जुन्या जागी परत लावायचं असेल तर आधी तिथे कंपोस्ट भरा.

बी धरायचं असेल तर

सकाळी दहाच्या आत, परागकण मोकळे आणि कोरडे असताना, एका वाणाचा पुंकेसर चिमट्याने काढून दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. देठाला दोन्ही नावांची चिठ्ठी बांधा: आधी आई, मग बाप. फार उकाड्यात, ३२ अंशांच्या वर, फळ धरणं अवघड. डिप्लॉइड वाणाचा टेट्राप्लॉइडशी सहसा मेळ बसत नाही, पहिल्याच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात, दुसऱ्याच्या ४४. बागांत पसरलेल्या नारिंगी फुल्वाची ३३ असतात, म्हणून ती बी धरत नाही आणि खोडांनीच पसरते.

धरलं असेल तर चार-पाच दिवसांत हिरवी गाठ फुगायला लागते, नाहीतर गळते. सात-आठ आठवड्यांनी बोंड तपकिरी होऊन टोकाला चिरतं. त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी बी जमिनीवर असतं. चमकदार काळं, कडक बी चांगलं, दाबल्यावर दबणारं टाकून द्या. ओलसर कागदी रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून तीन ते सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि मग एक सेंमी खोल पेरा. सुप्त वाणांच्या बियांना हा गारवा बऱ्याचदा लागतो. फूल यायला दोन-तीन वर्षं, उष्ण हवेत कधी एकाच वर्षात. ते आईसारखं नसेल आणि बापासारखंही नसेल, म्हणून रोपाच्या पाटीवर आईबापांची नावं लिहा आणि वाणाच्या नावाची जागा रिकामी सोडा.